दिसला की सांगा

"परवा आमच्या घरी पिठलं करपलं," हे व्यासपीठावरून म्हणाले, आणि मी डोक्यावरचा पदर चार बोटं पुढं ओढला.

वडजाईच्या मिशन कंपाउंडातलं आमचं देऊळ तसं लहानच. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. वर पत्रे, खाली फरशी, उजवीकडे पुरुषांचे बाक आणि डावीकडे बायकांच्या सतरंज्या. सतरंज्यांवरच्या चाळीस माना एकदम माझ्याकडे वळल्या. तीन महिने ज्यांच्या उपदेशात माणसं सुखानं झोपत होती, त्या नव्या पाळकसाहेबांच्या तोंडून पहिल्यांदाच कळण्यासारखं काहीतरी आलं होतं, आणि ते माझं पिठलं होतं.

"करपलं ते करपलं," हे पुढं म्हणाले. "पण माझ्या ताटात आलं ते वरचं, पिवळंधमक. मी खुशीत जेवलो. मग पाणी प्यायला आत गेलो, तर आमच्या घरातली तळाची काळी खरवड भाकरीशी खात बसली होती. मंडळी, मला तिथं देव दिसला. तो आपल्याला वरचं वाढतो आणि करपलेलं स्वतःच्या ताटात घेतो. वधस्तंभावर याहून वेगळं काय झालं?"

पुरुषांच्या बाजूनं खणखणीत 'आमेन' आलं. ते शमुवेल मास्तर साळव्यांचं होतं. मास्तर म्हणजे मंडळीचे मुख्य पंच, शाळेतून निवृत्त झालेले, आणि उपदेशाच्या वेळी त्यांचे डोळे उघडे असलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मला मात्र पिठल्यात देवबिव काही दिसला नव्हता. मला दिसत होतं ते एवढंच, की उद्या हापशावर माझी धडगत नाही.

तसंच झालं. मी कळशी घेऊन पोचले तर तान्हाबाई भालेराव आधीच दांडा धरून उभी. सत्तरीची बाई, तोंडात चार दात, पण कंपाउंडातली बातमी तिच्या तोंडून बाहेर पडल्याशिवाय खरी धरली जात नसे.

"काय वं पाळकीणबाई," ती म्हणाली, "आज काय शिजवलंया? न्हाई, रविवारी कळंलच आमाला, पन तवर कुनी वाट बगायची!"

हापशावरच्या बायका खो खो हसल्या. मीही हसले, काय करणार. पण घरी आल्यावर कळशी जरा जोरातच आपटली.

याला आता पन्नास वर्षं होत आली. तेव्हा आमच्या ह्यांची, म्हणजे रेव्हरंड नाथानिएल ओहोळांची, वडजाईत उमेदवारी चालू होती. पाळक पहिलं वर्ष कच्चा असतो. वर्ष भरलं की प्रांताचे अध्यक्ष येतात, उपदेश ऐकतात, पंचांना विचारतात आणि मग ठरतं, माणूस ठेवायचा की दुसरीकडं धाडायचा. दुसरीकडं म्हणजे त्या वेळी कोकणाकडं, तिथं जागा रिकामी होती. ह्यांना कोकण काय आणि वडजाई काय सारखंच होतं. मला नव्हतं. आमची मुलगी मार्च महिन्यात अकरा दिवसांची होऊन गेली होती. आधीच्या गावच्या दफनभूमीत तिला ठेवलं होतं, आणि वडजाईहून तिथं एसटीनं पाऊण तासात जाता यायचं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी जायचे. कोकणातून कशी जाणार होते?

हे माणूस म्हणून फार चांगले, पण घरात मुखदुर्बळ. 'बरं', 'हं' आणि 'झालं' या तीन शब्दांत त्यांचा संसार चालायचा. मुलगी गेल्यावर तर तेही कमी झाले. व्यासपीठावर चढले की मात्र वाचा फुटायची. पहिले तीन महिने ती ग्रीकमध्ये फुटत होती, एवढीच अडचण होती.

जेवायला बसलो की उपकारस्तुती करायची, म्हणजे जेवणाआधी देवाचे आभार मानायचे, हा आमच्या घराचा रिवाज. आधी आम्ही आळीपाळीनं करायचो. मार्चनंतर मी सोडून दिली. हे रोज विचारायचे, "आज तू करतेस?" आणि मी रोज म्हणायचे, "तुम्हीच करा."

सप्टेंबरात एकदा त्यांनी असंच विचारलं आणि माझा तोल गेला.

"कुणाजवळ करू? देव असेल तुमच्या देवळात, असेल तुमच्या ग्रीकमध्ये. या घरात मला तो कुठं दिसत नाही. तुम्हाला दिसला की सांगा."

ह्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, "बरं."

विषय तिथंच संपला असं मला वाटलं. त्याच आठवड्यात शमुवेल मास्तर घरी आले आणि चहाचा कप बशीत उलटा करता करता म्हणाले, "पाळकसाहेब, राग मानू नका. ग्रीक भाषा गोड असेल, पण आमच्या तान्हाबाईला मराठीसुद्धा मोठ्यानं बोलल्याशिवाय कळत नाही. जरा रोजच्या जगण्यातला देव दाखवा की." आणि त्याच्या पुढच्या रविवारी पिठलं करपलं. त्यामुळं हे सगळं मास्तरांमुळं सुरू झालं अशी माझी खात्री होती, आणि पुढं कित्येक महिने मी मनातल्या मनात मास्तरांना बोल लावत राहिले.

पिठल्यानंतर आली कॉलर. शर्टाची कॉलर झिजली की ती उसवायची, उलटी करायची आणि पुन्हा शिवायची. आतली कोरी बाजू वर येते, शर्ट आणखी दोन वर्षं चालतो. घरोघरी हेच करतात, पण कुणी बोलून दाखवत नाही. ह्यांनी नाताळाच्या आधीच्या रविवारी भर उपासनेत सांगितलं.

"आमच्या घरातली काल माझी कॉलर उलटवत होती. मी म्हटलं, टाकून दे आता. ती म्हणाली, कापड चांगलं आहे, फक्त बाजू झिजली आहे. मंडळी, माणूस झिजला म्हणून देव त्याला टाकत नाही. तो उसवतो. उसवताना दुखतं. पण मग उलटवून पुन्हा तिथंच शिवतो."

उपदेश फार चांगला झाला असं सगळे म्हणाले. मला काही सांगता येत नाही, कारण उरलेला सगळा वेळ अख्खी मंडळी ह्यांच्या झग्याच्या वरून डोकावणाऱ्या कॉलरीकडं टक लावून बघत होती आणि मी फरशीकडं. सोमवारी दारात चार बायका, हातात नवऱ्यांचे शर्ट.

"आमच्या ह्यांचीबी तेवडी उलटवून द्या, बाई. तुमचा हात बरा दिसतोय."

एकदा मी ह्यांना विचारलंही होतं. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत, त्यांच्या गुरुजींनी त्यांना एक पद्धत शिकवली होती, लग्नाच्या नव्या नवलाईत त्यांनी ती मला सांगितली होती. उपदेश शंभर जणांना करायचा नाही, एकालाच करायचा. त्या एकाचं नाव वहीत पानाच्या वर लिहायचं, 'श्रोता' म्हणून, म्हणजे बोलणं भरकटत नाही. ऐकणारे बाकीचे ऐकतात.

"हल्ली श्रोता म्हणून कुणाचं नाव लिहिता?" मी विचारलं. "तान्हाबाईचंच असणार."

"हं," हे म्हणाले, आणि वही मिटून फडताळात ठेवली.

असं करत करत एप्रिल आला. आमच्याकडं दूध घालायला शेवंता गवळण यायची, पलीकडच्या वस्तीवरून, अनवाणी. एक दिवस दुधात पाणी फारच झालं आणि माझं तिचं कडाक्याचं वाजलं. ती तरातरा निघाली. फाटकापर्यंत गेली असेल, तेवढ्यात मला दिसलं की तापल्या मातीत ती एकेक पाय उचलून टाकतेय. मी हाक मारून तिला परत बोलावलं आणि माझ्या जुन्या चपला दिल्या. भांडण चालूच होतं, फक्त चपला दिल्या. तेवढीच गोष्ट. हे ओसरीत वर्तमानपत्र वाचत होते. म्हणजे मला तसं वाटत होतं.

रविवारी ती गोष्ट व्यासपीठावर गेली आणि सोमवारी सकाळी शेवंता दारात उभी. दुधाची चरवी नव्हती. हातात चपला होत्या.

"बाई, तुमच्या देवळात माझं नाव निगालं म्हनं. मी पानी घालते म्हून सगळ्या मान्सांत सांगितलं म्हनं."

"अगं, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. ते देवाचं सांगत होते..."

"देवाचं सांगायचं तर देवाचं सांगा. माज्या दुधाचं कशापायी?"

चपला उंबऱ्यावर ठेवून ती गेली. खरं म्हणजे ती पाणी घालायची. पण ते माझं तिचं भांडण होतं, मंडळीचं नव्हतं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांनी चपला उचलल्या आणि दोन मैल चालत तिच्या वस्तीवर गेले. दिवेलागणीला परत आले ते हातात दुधानं भरलेला तांब्या घेऊन. "झालं," म्हणाले. म्हणजे माफी मागून झाली, चपला देऊन झाल्या, दूध उद्यापासून चालू. पण माझं व्हायचं होतं.

"आजपासून या घरातलं काही व्यासपीठावर जायचं नाही," मी म्हटलं. "पिठलं नाही, कॉलर नाही, दूध नाही. मी काय तुमच्या उपदेशाला फोडणी घालायला बसलेय का?"

"बरं."

"नुसतं बरं नको, शब्द द्या."

"दिला."

"तुमचा काय भरवसा! उद्या दुपट्याचंही सांगाल."

ह्यांनी तांब्या खाली ठेवला. त्या दुपट्याचं आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या मुलीचं एक दुपटं होतं. पेटीत ठेवलं तर पेटी उघडवेना, म्हणून मी ते चौघडी करून शिवलं आणि चुलीवरची भांडी उतरवायला वापरायला लागले. रोज हाताला लागायचं. दुसऱ्या कुणाला ते नुसतं फडकं होतं.

"ते नाही, सरोज," हे म्हणाले. "ते मी कधीच सांगितलं नसतं."

त्या वर्षातलं घरातलं त्यांचं ते सगळ्यात लांब बोलणं होतं. माझा राग थोडा उतरला, पण बंदी मी उठवली नाही.

ह्यांनी शब्द पाळला. पुढच्या रविवारी ग्रीक परत आलं. त्याच्या पुढच्या रविवारी ग्रीकच्या जोडीला हिब्रू आलं. शमुवेल मास्तरांचे डोळे दुसऱ्याच वाक्याला मिटले आणि आशीर्वादाला उघडले. हापशावर तान्हाबाईनं मला गाठलं.

"घरात भांडान झालंय का वं?"

"नाही बाई."

"मग पाळकसायबांचा उपदेश असा अळणी का झालाया? अवो, मी म्हातारी. मला काय समजतंय मोठंमोठं? पन तुमचं पिठलं करपल्यापासून माजं काय जळलं, सांडलं, तर मी म्हनायची, थांब, हितं बी कुटंतरी तो असंल. नातवाच्या फाटक्या चड्डीत बी हुडकला म्या त्याला. आता पुडं कसं करायचं?"

"तुम्ही तुमच्या घरातलं द्या की त्यांना सांगायला," मी फणकाऱ्यानं म्हटलं आणि कळशी उचलली.

आतून मात्र मी घाबरले होते. अध्यक्ष थोरातसाहेब मेच्या दुसऱ्या रविवारी येणार होते. उपदेश अळणी झाला तर कोकण ठरलेलं, आणि पहिला सोमवार गेला. बंदी उठवली असती तर एका शब्दाचं काम होतं. पण मी चुकलेच नव्हते तर माघार कशाला घ्यायची? हे विचारतील, मग बघू, असं मी ठरवलं. हे विचारणाऱ्यातले नव्हते.

तो रविवार उजाडला. पाहुणा पाळकाच्या घरी जेवतो, हा नियम. मी सकाळीच कोंबडीचा रस्सा चुलीवर चढवला. हे लवकर देवळात गेले होते. मी रश्श्यात पाणी घातलं, म्हटलं निघताना जाळ कमी केला की उपासना होईपर्यंत मंद शिजेल. साडी बदलली, केसांवरून फणी फिरवली आणि निघता निघता फडताळाकडं नजर गेली. वही तिथंच होती.

ग्रीक असो नाहीतर हिब्रू, वहीशिवाय ह्यांना आपलं नावसुद्धा धड सांगता आलं नसतं. मी वही उचलली आणि जाळ तसाच ठेवून पळत सुटले. देवळाच्या मागच्या लिंबाखाली पोचले तेव्हा आत दुसरं गीत चालू होतं. उपदेश तिसऱ्या गीतानंतर. म्हणजे थोडा वेळ होता, आणि आता खरं सांगते, मला बघायचं होतं की यांनी शब्द खरंच पाळलाय की गुपचूप कोंबडी घुसवलीय. पाळकाची वही उघडू नये. मी उघडली.

आजचं पान निघालं. शास्त्रपाठ, तीन मुद्दे, सगळं कोरडं ठणठणीत. आणि वर लिहिलं होतं, 'श्रोता:', आणि पुढं काहीच नाही. नुसती रिकामी जागा.

मी मागची पानं उलटली. तिथंही रिकामी. त्यांच्या मागचं शेवंताच्या चपलांचं.

'श्रोता: सरोज.'

मी आणखी मागं गेले. कॉलर. 'श्रोता: सरोज.' मध्ये कितीतरी पानं होती, काही मी ऐकलेली, काही पदराआड तोंड लपवल्यामुळं न ऐकलेली. सगळ्यांवर माझं नाव. पिठलं. 'श्रोता: सरोज.' पिठल्याच्या मागची पानं ग्रीकची होती आणि त्यांच्यावर 'मास्तर', 'पंच', असं काही काही होतं. म्हणजे सुरुवात पिठल्यापासूनच होती. त्या पानाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ती म्हणाली, दिसला की सांगा.'

मी लिंबाच्या पारावर बसले.

मीच म्हटलं होतं सांगा म्हणून. आणि या माणसानं सांगितलं होतं. दर आठवड्याला माझ्याच घरात शोधून, माझ्याच हातातलं काहीतरी उचलून, दर रविवारी. फक्त घरात तोंड उघडत नव्हतं, म्हणून शंभर माणसांच्या देखत. आणि मी आपली पदर ओढून बसले होते. मला रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम.

वहीच्या मधोमध एक पान होतं. वर मथळा, 'दुपटं'. खाली काही नाही. शेवटी एकच ओळ, 'हे कुणालाही सांगायचं नाही. तिच्यासाठी फक्त प्रार्थना.' तारीख जानेवारीतली होती.

आत तिसऱ्या गीताचं शेवटचं कडवं लागलं. वहीत खुणेला पेन्सिलीचा तुकडा ठेवलेला होता. मी आजचं पान काढलं आणि 'श्रोता:' च्या पुढं, रिकाम्या जागी, माझ्या हातानं लिहिलं, 'सरोज.' अक्षर जरा वाकडं आलं.

मी आत शिरले तेव्हा हे व्यासपीठावर उभे होते आणि खिसे चाचपत होते. झग्याला खिसे नव्हते. पहिल्या बाकावर थोरातसाहेब घड्याळ बघत होते. शमुवेल मास्तर आज जागे होते, पण चेहरा असा की झोपले असते तर बरं. बायकांच्या बाजूनं कडेकडेनं जायचा रिवाज सोडून मी सरळ मधल्या वाटेनं चालत गेले आणि वही वर दिली.

ह्यांनी वही उघडली. चष्मा वर केला, खाली केला. मग पानाकडं बघतच राहिले. इतका वेळ, की थोरातसाहेबांनी खोकून पाहिलं.

आणि तेवढ्यात वास आला.

आमचं घर देवळाला लागूनच. आधी हलकासा आला, मग वाऱ्याबरोबर चांगला भपकाराच. सतरंजीवर एकेक नाक वर व्हायला लागलं. पुरुषांच्या बाजूलाही झालं. बारा गावचं पाणी प्यायलेले थोरातसाहेब, त्यांनाही आपल्या जेवणाचं काय झालं ते कळलं असावं.

ह्यांनी वही मिटली आणि माझ्याकडं पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच, सांगू का असं विचारल्यासारखं. मी मान हलवली.

"मंडळी," हे म्हणाले, "आमच्या घरी कोंबडी करपतेय."

अख्खं देऊळ हसलं. थोरातसाहेबही हसले, जरा उशिरा.

"मला एका माणसानं म्हटलं होतं, देव कुठं दिसला तर सांगा. मी इतके महिने तेच काम केलं. शोधत होतो आणि सांगत होतो. मला वाटायचं, आपण त्या माणसाला देव दाखवतोय." ह्यांनी मिटलेली वही वर उचलली. "आज मी इथं रिकाम्या हातानं उभा होतो. वही घरी. आणि सरोज धावत आली."

सतरंजीवर बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. बायकोचं नाव चारचौघांत, तेही व्यासपीठावरून, कुणी घेत नसे.

"चुलीवर रस्सा ठेवून आली. तिला ठाऊक होतं मागं काय होईल ते. तरी आली. मंडळी, देव असाच येतो. आपण अडलोय हे दिसलं की निघतो. मागं काय करपतंय ते बघत बसत नाही."

  आणि सतरंजीवरून तान्हाबाई उठून उभी राहिली.

"खरं हाय सायेब, समदं खरं हाय. पन आता ती कोंबडी तर कुनीतरी उतरवा!"

आणि कुणी उठायच्या आत तीच तुरुतुरु बाहेर पडली. उरलेला उपदेश तिला मिळाला नाही. पुढं कित्येक वर्षं ती सगळ्यांना सांगायची, त्या दिवशीचा निम्मा उपदेश म्या केला.

उपासना झाल्यावर पंच थोरातसाहेबांना घेऊन लिंबाखाली बसले. दहा मिनिटंही लागली नाहीत. शमुवेल मास्तर आमच्या ओसरीवर आले, चष्मा पुसला आणि गंभीर तोंडानं म्हणाले, "मंडळीनं एकमतानं ठरवलंय, पाळकीणबाईंना वडजाईतच ठेवायचं. पाळकसाहेब सोबत राहिले तरी कुणाची हरकत नाही."

मी आत पळाले आणि चुलीपुढं उगीचच फुंकणी शोधायला लागले. कोकण टळलं होतं.

पातेलं तान्हाबाईनं उतरवून ठेवलं होतं. फडकं म्हणून समोर होतं तेच घेतलं असणार, पातेल्याच्या कानाशी दुपट्याची चौघडी तशीच होती. रश्श्याचं पाणी पार आटलं होतं. वरचे तुकडे बरे होते, तळाला मात्र काळा थर. मी वरचं वरचं काढून ताटं वाढली. थोरातसाहेब, मास्तर आणि हे जेवायला बसले. हे म्हणाले, "साहेब, उपकारस्तुती आपण करावी."

"घरच्यांनी करावी," थोरातसाहेब म्हणाले.

ह्यांनी सवयीनं माझ्याकडं पाहिलं. ओठ हलले, पण पाहुण्यांसमोर विचारावं की नाही अशा विचारात थांबले.

"मी करते," मी म्हटलं.

मी पदर सावरला, डोळे मिटले. चौदा महिन्यांत एकदाही केली नव्हती. शब्द कुठून आणायचे ते कळेना. ह्यांच्यासारखं मोठं काही मला येत नव्हतं. शेवटी घरी आलेल्या माणसाशी बोलतात तसंच बोलले.

"देवा, जेवण आज जरा करपलंय. सांभाळून घे. पण आलायस, तर बैस. आमेन."

"आमेन," तिघं म्हणाले. ह्यांचं जरा उशिरा आलं.

डोळे उघडले तेव्हा हे ताटावरून उठून चुलीपाशी आले होते. पातेलं पुढं ओढून त्यांनी पळीनं तळ खरवडला, सगळी काळी खरवड स्वतःच्या ताटात घेतली आणि आपल्या ताटातली चांगली तंगडी माझ्यासाठी झाकून ठेवली.  जाऊन जागेवर बसले आणि तो कडू कोळसा भाकरीशी खायला लागले. खाताना तोंड वाकडं होत होतं.

पुढच्या रविवारी उपदेशाच्या आधी साक्षीची वेळ आली. आमच्याकडं त्या वेळी कुणीही उठून, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगू शकतं. मी उभी राहिले.

"मागच्या रविवारी आमच्या घरी कोंबडी करपली," मी म्हटलं, आणि पुढचं सगळं सांगितलं, तळाच्या खरवडीपासून वाकड्या तोंडापर्यंत.

चाळीस माना, आणि पुरुषांच्याही सगळ्या, एकदम व्यासपीठाकडं वळल्या. हे तिथं लालेलाल होऊन उभे होते. बिचाऱ्यांना लपायला पदर नव्हता.